‘बसा’ म्हणणाऱ्यांनो, आता उभे राहा!

महाराष्ट्रातल्या खात्यापित्या घरांत म्हाताऱ्या माणसाला निकामी करण्याची एक फार सोज्वळ रीत आहे. तिच्यात शिवीगाळ नाही, उपासमार नाही, वृद्धाश्रमाची पायरी नाही. अण्णा पाणी घ्यायला उठले की सून लगबगीने पुढे होते, ‘तुम्ही बसा, मी देते.’ आई ओट्याकडे वळली की लेक दटावते, ‘तू बस गं, आयुष्यभर केलंसच ना!’ आधी भाजी आणणं सुटतं, मग बँक सुटते, मग जिना, मग कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ. सकाळी आरामखुर्चीत ठेवलेला माणूस दुपारी जेवणाच्या टेबलापर्यंत आणि रात्री पलंगापर्यंत, एवढाच काय तो प्रवास करतो. मधल्या वेळात टीव्हीपुढे डुलक्या. शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारा नशीबवान, हातात ताट मिळतं. आम्ही म्हणतो, हा माणूस नजरकैदेत आहे. पहारेकरी पोटचे आणि प्रेमाचे आहेत, म्हणून कैद काही सैल होत नाही.

ज्याची विसरण्याची सुरुवात नुकती झाली आहे, त्याच्या बाबतीत तर या प्रेमाचा कहर होतो. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात, डॉक्टर आपसांत ‘एमसीआय’ म्हणतात. वयाच्या मानाने जास्त, पण स्मृतिभ्रंशाच्या मानाने कमी, अशी ही बुद्धीची घसरण. माणूस स्वतःचं सगळं स्वतः करतो, कपडे नीट घालतो, घरही चालवतो. पण एकच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारतो. वीजबिल दोनदा भरलं जातं. चाळीस वर्षं होळीला पुरण शिजवलेली बाई कटाची आमटी करताना मध्येच थांबते आणि पुढे काय घालायचं ते आठवत हातात डाव घेऊन उभी राहते. ओळखीच्याचं नाव जिभेवर येऊन परत फिरणं, हे सगळ्यांचंच होतं. परवा आपण कुणाच्या लग्नाला जाऊन आलो हेच आठवत नसेल, तर ते वेगळं. घरच्यांना ते कळतं. आणि कळल्यावर ते काय करतात? उरलीसुरली कामंही काढून घेतात. ‘तिला आता गॅसजवळ जाऊ देऊ नका.’ ‘त्यांना एकटं खाली सोडू नका.’ काळजी खोटी नसते, उपाय मात्र उलटा असतो.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने ठिकठिकाणचे अभ्यास पडताळून २०१८ सालच्या मार्गदर्शिकेत मांडलेले आकडे असे. ६० ते ६४ वयाच्या शंभरांत सुमारे सात जण या अवस्थेत असतात, ७५ ते ७९ वयात सुमारे पंधरा, आणि ८० ते ८४ मध्ये पंचवीस. पासष्टीपुढच्या अशा लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, तर शंभरातले सुमारे पंधरा स्मृतिभ्रंशात उतरतात. याचाच दुसरा अर्थ असा की पंच्याऐंशी उतरत नाहीत, निदान तेवढ्या काळात तरी नाही. काही तिथेच थांबतात, काही तर सावरून पूर्वपदावर येतात. हे ज्या घराला, ज्या डॉक्टरला आणि ज्या सरकारला ठाऊक नाही, ते ‘साठी बुद्धी नाठी’ असं म्हणून मोकळे होतात. म्हणीच्या आड लपायला आपल्याला फार आवडतं. म्हणीला कुणी जाब विचारत नाही.

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, असा अंदाज देशव्यापी पाहणीतून २०२३ साली पुढे आला. हे झाले शेवटच्या पायरीवर पोचलेले. त्यांच्या मागच्या पायरीवर उभे असलेल्यांना आपण रुग्ण म्हणूनही धरत नाही आणि धडधाकट म्हणूनही वागवत नाही. आमचं सगळं भांडण या मधल्या पायरीसाठी आहे, कारण काही करता येण्याजोगं आहे ते तिथेच.

त्या पायरीवर थोपवून धरणारी गोळी? ॲकॅडमीने त्याच मार्गदर्शिकेत स्वच्छ सांगितलं की या अवस्थेत बुद्धी सुधारेल असं सिद्ध झालेलं औषध नाही. स्मृतिभ्रंशात देतात त्या डोनेपेझिलच्या जातीच्या गोळ्यांचाही इथे उपयोग दिसलेला नाही. आणि मग डॉक्टरांना बजावलं, रुग्णाला आठवड्यातून दोनदा नियमित व्यायाम करायला सांगा. सहा महिने केला तर बुद्धीच्या चाचण्यांत सुधारणा दिसण्याची शक्यता आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली जरा हात राखून हेच सांगितलं.

आता आमच्याकडचा दवाखान्याचा कागद बघा. बी-१२ची इंजेक्शनं, एक झोपेची गोळी, एक ‘मेंदूच्या रक्तपुरवठ्या’ची, एक ताकदीची कॅप्सूल, आणि या सगळ्यांनी पित्त होतं म्हणून त्याची एक. प्रत्येकीपुढे सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं सुवाच्य. आणि तळाला, कागद संपता संपता, तिरक्या अक्षरात दोन शब्द : ‘रोज फिरणे.’ किती फिरणे? कुठे फिरणे, कुणाबरोबर? दम लागला तर काय, गुडघा दुखला तर काय? पंधरा दिवसांनी वाढवायचं किती? ज्या एका उपायामागे पुरावा आहे त्याला मात्रा नाही, आणि ज्यांच्यामागे नाही त्यांना मात्रा, वेळ, अनुपान सगळं आहे! बी-१२ खरोखरच कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, कानाला ऐकू येत नसेल, मन खचलं असेल, तर ते आधी शोधून दुरुस्त केलंच पाहिजे. विसरण्यामागे कित्येकदा हेच निघतं. पण तपासणी न करता टोचलेली सुई आणि मात्रा न लिहिता दिलेला सल्ला, ही दोन्ही एकाच आळसाची लेकरं आहेत.

पुराव्याचं म्हणाल तर तो आम्ही फुगवून सांगणार नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे विसरण्याची तक्रार असलेल्या १७० लोकांवर प्रयोग झाला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. २४ आठवडे घरच्या घरी, मुख्यतः चालण्याचा व्यायाम. बुद्धीच्या चाचणीत जी सुधारणा दिसली ती माफकच होती, पण दीड वर्षानंतरही तिचा मागमूस शिल्लक होता. सिडनीत एमसीआय असलेल्या शंभर जणांतल्या काहींकडून सहा महिने चक्क वजनं उचलून घेतली, हळूहळू वाढवत नेली. त्यांची एकूण बुद्धी सुधारली आणि व्यायामवर्ग संपल्यानंतरही तो फायदा टिकून राहिला. अमेरिकेत सुमारे ३०० बैठ्या रुग्णांना वर्षभर वायएमसीएच्या व्यायामशाळांत प्रशिक्षकांच्या हाती सोपवलं. निम्म्यांना घाम काढणारा व्यायाम, निम्म्यांना हातपाय ताणण्याचा आणि तोल सांभाळण्याचा. दोन गटांमध्ये आपसांत फरक पडला नाही. मात्र वर्षभरात दोन्ही गटांची घसरणही दिसली नाही. व्यायाम न करणारा तिसरा गट त्या प्रयोगात नव्हता, म्हणून सगळं श्रेय व्यायामाच्या पदरात टाकायला आम्ही धजणार नाही. घराबाहेर पडणं, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी जाणं, कुणीतरी नावाने हाक मारणं, याचाही वाटा त्यात असणार. तरी आमच्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. खुर्चीतल्या माणसाला यातलं काय मिळतं?

आणि आता एक कडू घोट. इंग्लंडमध्ये ४९४ लोकांवर असाच प्रयोग झाला, पण त्यांना स्मृतिभ्रंश आधीच झालेला होता, सौम्य ते मध्यम. चार महिने कसून व्यायाम करवला. शरीर तगडं झालं. बुद्धीची घसरण काही थांबली नाही. २०१८ साली हा निकाल लागला तेव्हा व्यायामाच्या विरोधकांनी टाळ्या पिटल्या. आम्ही त्या निकालातून उलटा अर्थ काढतो : वेळ निघून गेल्यावर धावपळ करून भागत नाही. एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो, ती वेळ आहे. लेकीचं नाव विसरल्यावर घेतलेली ट्रेडमिल ओल्या टॉवेलांच्या कामी येते.

‘पण आता औषधं आली आहेत ना!’ हो, आली आहेत. लेकॅनेमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत दीड वर्षाच्या काळात घसरणीचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. घसरण थांबली नाही, वेग कमी झाला. त्यासाठी सुरुवातीला दर पंधरवड्याला शिरेतून औषध, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव तर नाही ना हे बघायला वारंवार एमआरआय, आणि तिथली सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. ज्यांना परवडेल त्यांनी जरूर घ्यावं. विज्ञानाच्या या पावलाची आम्ही चेष्टा करणार नाही. चेष्टा करायची तर आपल्या बाजाराची करू. ब्राह्मीच्या बाटल्या, शंखपुष्पीची सरबतं, सोनं घातलेल्या गोळ्या, आणि मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला असलेला अक्रोड! दिसण्यावर गेलो असतो तर फ्लॉवरची भाजी खाऊन महाराष्ट्र केव्हाच विद्वान झाला असता.

व्यायामाने होतं काय, यात जादू काही नाही. हृदय जोराने चाललं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत रक्त नीट पोचतं, साखर आणि रक्तदाब आवरतात, रात्री झोप लागते. मेंदूच्या पेशींना पोसणारं बीडीएनएफ नावाचं द्रव्य वाढतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२० बैठ्या वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटांपर्यंत चालवलं. आठवणी साठवण्याचं काम करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या वयात दरवर्षी आक्रसत जातो. चालणाऱ्यांचा तो २ टक्क्यांनी वाढलेला आढळला, नुसते हातपाय ताणणाऱ्यांचा आक्रसलाच. हे लोक विस्मृतीचे रुग्ण नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. पण म्हाताऱ्या मेंदूत आता काही घडायचं राहिलेलं नाही, ही समजूत त्या दिवशी मेली. आपल्याकडे तिचे दिवस अजून घालायचे आहेत.

मग व्यायाम म्हणजे नेमका कोणता? बागेत चार मित्रांबरोबर रमतगमत मारलेली फेरी आणि शेवटी बाकावर तासभर राजकारण, याला आम्ही सत्संग म्हणू, व्यायाम नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका श्वास वाढला पाहिजे. भिंतीला टेकवलेल्या साध्या लाकडी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं आणि बसायचं. आज सहाच जमले तर सहा, पुढच्या आठवड्यात सात. दोन पाण्याच्या बाटल्या भरून खांद्यापर्यंत उचलायच्या, मग त्यांत वाळू भरायची. दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं, मग दोन बोटं टेकवून, मग नुसतं चौकटीजवळ. फरशीच्या रेषेवर टाचेला चवडा लावत चालायचं. आधी रक्तदाब बघायचा, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी करायचं नाही, छातीत दुखलं किंवा भोवळ आली की तिथेच थांबायचं. हे शिकवायला माणूस लागतो, कारण विसरणाऱ्या माणसाला छापील तक्ता देऊन उपयोग नाही. तो तक्ता कुठे ठेवला तेच तो विसरणार आहे.

जपानात ऐची प्रांतातल्या ओबू शहरी वृद्धांच्या आजारांचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या मंडळींनी याच रुग्णांसाठी एक प्रकार बसवला, ‘कॉग्निसाइझ’. पावलं टाकत आकडे मोजायचे आणि तीनच्या पटीतला आकडा आला की टाळी वाजवायची. ऐकायला पोरखेळ. करून बघा, पाय आकड्यात अडकतात आणि आकडे पायांत. चुकलं तर हसायचं, आणि चुकेनासं झालं की प्रकार बदलायचा, कारण जे अंगवळणी पडलं त्यात डोकं उरत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्येही ताई-चीच्या संथ हालचालींना अशी बौद्धिक कसरत जोडून ३१८ वृद्धांना घरबसल्या व्हिडिओवर शिकवली. नुसत्या ताई-चीपेक्षा तिचा फायदा जास्त झाला, असं २०२३ साली प्रसिद्ध झालं. तिकडे मुलांकडे सहा महिने गेलेले आणि गाडी येत नाही म्हणून चार भिंतींत बसून खिडकीतून बर्फ बघणारे आमचे आईवडील, आणि इकडे एकटे राहून रोज रात्री ‘गोळी घेतलीस का?’ एवढंच ऐकणारे आईवडील, दोघांनाही हे लागू पडतं. त्या व्हिडिओ कॉलवरची वीस मिनिटं मुलाने उभं राहून आईबरोबर हातपाय हलवण्यात घालवली, तर कॉल वाया गेला असं होणार नाही.

आणि आपल्याकडे तर यासाठी भांडवल ठासून भरलंय. आजच्या पंचाहत्तरीच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांची उजळणी छडीच्या धाकाने पाठ केली आहे. कालचं विसरणाऱ्या माणसालाही ती पुष्कळदा धडधड येते. तर मग दिडकी म्हणत अंगणात चाला आणि पूर्ण आकडा आला की टाळी वाजवा. ते सोपं झालं की उलट म्हणा. वारकऱ्यांची पावली घ्या. टाळाच्या ठेक्यावर दोन पावलं पुढे, दोन मागे, मुखाने अभंग आणि शेजारच्याशी पाऊल जुळतंय की नाही यावर नजर. मंगळागौरीचा झिम्मा घ्या, टाळी कुठे द्यायची आणि गाणं कुठे वळायचं हे एकाच वेळी सांभाळावं लागतं. मात्र ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ ही आरोळी ठोकणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभं करू नये. पावलीने किंवा झिम्म्याने विस्मृती थांबते असं सिद्ध झालेलं नाही. जपान्यांनी प्रयोग केला, मोजलं, छापलं. आपण दरवर्षी आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या हजारो म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो छापले. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना संशोधनाला विषय मिळत नाही म्हणतात. विषय दारावरून टाळ वाजवत जातो आहे.

आता बायकांबद्दल. ‘ती जन्मभर राबली, तोच तिचा व्यायाम’ हे वाक्य पुरुषांच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा संताप येण्याचीही सवय गेली. राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. वाकून धुणं धुतल्याने कंबर मोडते, तोल सुधारत नाही. भारतात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं आहे, आणि त्यामागे नुसतं दैव नाही. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. ती सगळीच्या सगळी दूर करता आली तर ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा तिचा अंदाज आहे. त्या यादीत लहानपणी न मिळालेलं शिक्षण आहे, शरीराला हालचाल नसणं आहे, बहिरेपणा आहे, एकटेपणा आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली काढली. त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या, आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या किती बायकांना ‘आता न्हाण आलं, पुरे शाळा’ म्हणून चौथीतून काढलं, ते घरोघरी विचारा. त्या अन्यायाचं व्याज आज त्यांच्या मेंदूतून वसूल होतं आहे. आणि दुसरं कारण? देशातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष शरीराला पुरेशी हालचाल देत नाहीत, असा २०२२ सालचा हिशेब आहे. पोराच्या पोरांना सांभाळायला म्हणून शहरात आणलेल्या आजीला संध्याकाळी सहा वाजता घराबाहेर पडायचं म्हटलं, तर दूधवाला, डबा, क्लासवरून येणारी नातवंडं, सगळं तिच्याच गळ्यात. नऊवारीत किंवा सहावारीत ‘लोकांदेखत हातपाय झाडायचे’ ही लाज तिला कुणी शिकवली? आपणच. नवरा गेलेल्या बाईने टाळ्या वाजवत हसत व्यायाम केला तर आजही भुवया उंचावणारे घरी आहेत. त्या भुवया आगरकरांच्या काळातल्याच आहेत, चष्मे तेवढे नवे.

महाराष्ट्राला व्यायाम परका नाही, हेच खरं दुखणं आहे. कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी, अमरावतीचं १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेलेले सूर्यनमस्कार. पण हे सारं तरण्याबांड पोरांचं, तेही पुरुषांचं. म्हाताऱ्याने आखाड्याच्या कडेला बसून मिशीवर ताव देत जुन्या कुस्त्या सांगायच्या. आजच्या चकाचक जिममध्ये तर त्याला तेवढीही जागा नाही. तिथला पोरगा सत्तरीच्या माणसाला बघून घाबरतो, ‘काका, आधी डॉक्टरचं लिहून आणा’ म्हणतो, आणि डॉक्टर लिहून देत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत, त्यांची तडफ आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांचाही कार्यक्रम बघावा तर वाढदिवस, सत्कार, ‘सुखी वार्धक्य’ या विषयावर दीड तासाचं व्याख्यान, आणि सभागृहात खुर्च्याच खुर्च्या. सुखी वार्धक्यही बसूनच ऐकायचं!

‘पण पडले तर?’ हा घराघरातला शेवटचा बचाव. पडण्याची भीती खरी आहे, खुब्याचं हाड मोडलेला माणूस अनेकदा पुन्हा उभा राहत नाही. म्हणूनच बसवून ठेवू नका. बसून मांड्यांचं मांस झडतं आणि अंगणात नव्हे, रात्री संडासाला जाताना माणूस पडतो. २०१९ सालच्या कोक्रेन आढाव्यात अनेक प्रयोगांची गोळाबेरीज करून आढळलं की व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं. पडू नये म्हणून बसवणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

हां, रस्त्यावर पडतील ही भीती मात्र आम्ही मान्य करतो, कारण तो गुन्हा घरच्यांचा नाही, नगरपालिकांचा आहे. पदपथ फूटभर उंच, त्यावर उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच विजेची डीपी, तिच्या पुढे वडापावची गाडी आणि उरलेल्या जागेत दुचाक्या. पाच मिनिटांच्या वाटेत चारदा रस्त्यावर उतरावं लागतं. बागेत ‘ओपन जिम’ आहे, त्याच्या पाटीवर नगरसेवकाचं नाव यंत्रांपेक्षा ठळक. झोपाळ्यासारखं हलणारं एक यंत्र गंजलं आहे, एकावर पोरं लोंबकळतात, आणि कुठलं कसं वापरायचं ते सांगायला माणूस नाही. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे. उत्तम. पण त्या एसटीची पहिली पायरी चढायचं बळ पायांत राहावं, यासाठी त्याच सरकारची योजना कोणती?

आहेत ना योजना! कागदावर काय नाही? वयोवृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटा आणि फिजिओथेरपीची सोय लिहिलेली आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. पासष्टीपुढच्या गरजूला एकदाच तीन हजार रुपये. तीन हजारांत काठी येते, कंबरपट्टा येतो, कमोडची खुर्ची येते. तोल सांभाळायला शिकवणारा माणूस येत नाही. आणि आशाताईंच्या हातातला तो तपासणीचा अर्ज एकदा डोळ्यांखालून घाला. साठीपुढच्यांसाठी त्यात दोन प्रश्न असे आहेत : उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का. विचारतात हे चांगलं. पण स्वतःच्या घराचा पत्ता विसरेपर्यंत वाट पाहणारं सरकार नेमकी ती मधली पायरी हुकवून बसलं आहे. आणि ‘हो’वर खूण झाली तरी पुढे काय? उन्हातान्हात तुटपुंज्या मानधनावर फिरणाऱ्या त्या बाईला दोष देण्याची आमची हिंमत नाही. त्या खुणेनंतर माणसाला पाठवायची जागाच तिला कुणी दिलेली नाही.

ती जागा द्या, एवढीच आमची मागणी आहे आणि ती सौम्य नाही. प्रत्येक तालुक्यात आणि शहराच्या प्रत्येक प्रभागात आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, शिकवलेल्या माणसाच्या देखरेखीखाली वर्ग. जागेची सबब सांगू नका. पालिकेच्या शाळांचे वर्ग दुपारनंतर ओस पडतात, समाजमंदिरांना कुलपं आहेत. माणसांची सबब तर मुळीच नको. फिजिओथेरपीची पदवी घेतलेली शेकडो मुलं-मुली या राज्यात तुटपुंज्या पगारावर दिवस काढत आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे तास ठरलेलेच आहेत, त्यांतले दोन या लोकांसाठी राखून ठेवा आणि त्यांत खुर्ची, चाल, तोल आणि दिडकी घाला. आजीसाठी सकाळी अकराची वेळ ठेवा, जेव्हा नातवंडं शाळेत असतात. विसरणाऱ्या माणसाला आणायला-न्यायला घरचं कुणी लागतं. ते नसेल तिथे महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना पाठवा, झाडं लावताना फोटो काढण्यापेक्षा ते काम नक्कीच अवघड आहे. डॉक्टरांनी कागदाच्या तळाची ती तिरकी ओळ वर आणावी आणि गोळीइतकीच नेमकी लिहावी : किती मिनिटं, किती वेळा, काय धरून, काय झालं तर थांबायचं, पुढची भेट कधी.

आणि प्रत्येक वर्गात एक नोंदवही ठेवा. पहिल्या दिवशी खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता आलं, सहा महिन्यांनी किती वेळा. किती जण आले, किती गळाले, गळालेल्यांच्या घरी कोण जाऊन आलं. दर तिमाहीला हे आकडे पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा. रस्त्याच्या डांबराचा आणि गटाराच्या पाइपांचा हिशेब तिथे तासन्‌तास चालतो. आमच्या आईबापांच्या मांड्यांचा हिशेब पहिल्या तिमाहीला मांडला नाही, तर दुसऱ्या तिमाहीच्या सभेच्या दारात, काठ्या टेकत का होईना, तेच येऊन उभे राहतील. त्यांना ‘बसा’ म्हणायला त्या दिवशी कुणी पुढे होऊ नये.